कतीफमधून आलेला प्रश्न

गेल्या रविवारी सौदी अरेबियातील कतीफहून आमच्या भाच्याचा निरोप आला. दोन वर्षांचा करार संपवून तो सुटीवर घरी येत आहे. आईसाठी तिकडचा खजूर घेतला आहे, हे सांगून झाल्यावर त्याने विचारले, "मामा, येताना दुबईच्या विमानतळावर टकीला घ्यावी म्हणतो. घरी कपाटात चार चांगल्या बाटल्या असाव्यात. चांगली टकीला कशी ओळखायची?"

शाळामास्तराला हा प्रश्न विचारावा काय, हे वाचकांनी ठरवावे. आम्हांला त्याचा राग आला नाही. उलट आम्हीच त्याला विचारले, "तिकडे काय पितोस?" बराच वेळ गेल्यावर एक शब्द आला: "सदीकी."

सदीकी म्हणजे अरबीत 'माझा मित्र'. साखर आंबवून चोरून गाळलेल्या दारूला तिकडच्या परदेशी कामगारांनी दिलेले हे लाडके नाव आहे. धहरानच्या तेलवसाहतीत गोरे इंजिनियर ती कित्येक दशकांपूर्वीपासून स्वयंपाकघरात गाळत आले. कामगारांच्या खोल्यांत मात्र ती बाहेरून येते, पाण्याच्या बाटलीतून, आणि कोणी गाळली हे विचारण्याची पद्धत नाही.

कतीफ हे आखाताच्या किनाऱ्यावरचे जुने गाव, दम्मामच्या उत्तरेस. खजुराच्या बागा आणि मासळीबाजार ही त्याची जुनी ओळख. १९४५ मध्ये तेथे तेल सापडले, आणि रास तनुरा हे तेलाचे मोठे बंदर जवळच आहे. अशा ठिकाणी आपली मुले जातात ती चार पैसे शिल्लक टाकण्यासाठी. पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडला की बाहरीन, आणि तेथे दारू उघड मिळते. पण पूल ओलांडायला मोटार, परवानगी आणि सुटी लागते. ज्याच्याजवळ ही तिन्ही नाहीत, त्याला खोलीतला 'मित्र' जवळचा वाटतो.

सौदीतील बंदीचा इतिहास चमत्कारिक आहे. धर्माने मद्य निषिद्ध होतेच, तरी परदेशी लोकांना ते मिळत असे. १९५१ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथील एका मेजवानीत राजपुत्र मिशारी याला आणखी दारू नाकारली गेली. त्याने गोळी झाडून ब्रिटिश उपवाणिज्यदूत सिरिल उस्मान यांचा जीव घेतला. पुढच्याच वर्षी राजे अब्दुल अझीझ यांनी सर्वांवर बंदी घातली. ती सत्तर वर्षे टिकली.

आता तिला फटी पडू लागल्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत रियाधच्या राजदूतवस्तीत मुसलमान नसलेल्या मुत्सद्द्यांसाठी दुकान निघाल्याच्या बातम्या आल्या. महिन्याला २४० गुण. एक लिटर कडक मद्याला ६ गुण, वाईनला ३, बियरला १. हिशेब केला तर महिन्याला चाळीस लिटर व्हिस्की होते! मुत्सद्द्यांची तहान मोठी असावी. २०२५ च्या अखेरीस हे दार खास निवासपरवाना असलेल्या श्रीमंत परदेशीयांनाही उघडले. महिना पन्नास हजार रियाल मिळकतीचा दाखला आणणाऱ्यांना प्रवेश असल्याचेही छापून आले. त्याच सुमारास रॉयटर्सने बातमी दिली की, धहरानला अरामको कंपनीच्या आवारात तिच्या मुसलमान नसलेल्या परदेशी नोकरांसाठी दुकान काढण्याचा बेत आहे. धहरान कतीफपासून मोटारीने तासाभराच्या आतले. सरकारने मात्र या गोष्टींचा गाजावाजा केलेला नाही. २०३४ ची फुटबॉल विश्वस्पर्धा तेथे भरणार आहे, पण तीत दारू मिळणार नाही, असे लंडनमधील सौदी राजदूतांनी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितले.

आमच्या भाच्याला यातले काय मिळाले? काहीच नाही. तो अरामकोचा नोकर नाही, एका ठेकेदाराचा आहे, आणि पन्नास हजार रियाल तो महिन्यात काय, वर्षातही पाहत नाही. म्हणजे सील केलेली, तपासलेली बाटली साहेबाला, आणि निनावी बाटली मजुराला. बंदी होती तेव्हा निदान कागदावर तरी ती दोघांना सारखी होती. ती सरसकट उठावी असे आम्ही म्हणत नाही. तो त्या देशाचा आणि त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. पण सैल करताना ती वरून सैल होते आणि खाली तशीच राहते, हे डोळ्यांआड करता येत नाही. फटक्यांची शिक्षा २०२० मध्ये बहुतेक गुन्ह्यांतून गेली, तरी पकडला गेलेला कामगार तुरुंग, दंड आणि परतीचे विमान यांतून सुटत नाही.

खरी भीती तुरुंगाचीही नाही. शेजारच्या कुवेतमध्ये, जेथे अशीच बंदी आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये विषारी दारूने २३ माणसे मेली. १६० जणांना बाधा झाली, त्यांतले बहुतेक आशियाई कामगार, आणि कित्येकांची दृष्टी गेली. कारण मिथेनॉल. साखर आंबवून नीट गाळली तर मिथेनॉल नाममात्र निघते. माणसे मरतात ती कारखान्यातले स्वस्त मिथेनॉल कोणी त्यात मिसळले म्हणजे. चव आणि वास यांवरून ते ओळखत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. बारा-चोवीस तास काही कळतही नाही, माणूस साधी नशा समजून झोपतो. धूसर दिसू लागले की ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. तेथे उतारा आहे, रक्त शुद्ध करण्याची सोय आहे. पण बेकायदा प्यायलेला मजूर पोलिसांच्या भीतीने तेथे जायला उशीर करतो, आणि तो उशीरच घातक ठरतो. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर गरीब माणसे अशीच गेली. तेथे तर दारूची दुकाने उघडी होती! म्हणजे नुसत्या बंदीला दोष देऊन भागत नाही, स्वस्ताईचाही त्यात वाटा आहे.

राहिला टकीलाचा प्रश्न. मुलाने विचारले, तर उत्तर द्यायलाच हवे.

टकीला होते निळ्या घायपातापासून. आपल्या आजोबांनी कोयत्याने कापलेला, ज्याच्या धाग्याच्या साखरेसाठी गोणी होत, तो आपल्या बेटावरचा 'आलोएस' त्याचाच नातेवाईक. झाड तयार व्हायला सहा-आठ वर्षे लागतात. पाने छाटून उरलेला गड्डा अननसासारखा दिसतो. तो भाजून, चिरडून, रस आंबवून दोनदा तरी गाळतात. मेक्सिकोतील हालिस्को प्रांत आणि इतर चार प्रांतांचे ठराविक भाग, एवढ्याच प्रदेशातल्या मद्याला १९७४ पासून हे नाव लावता येते. दख्खनच्या घायपातापासून गोव्याचे डेसमंड नाझरेथ चांगले मद्य काढतात, पण त्यालाही टकीला म्हणता येत नाही.

बाटलीवर 'शंभर टक्के आगावे' असे शब्द आहेत का, ते पाहावे. नुसते 'टकीला' असेल, तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसरी, बहुधा उसाची असते. उसाच्या बेटावरच्या माणसाने मेक्सिकोचे पैसे मोजून उसाचीच दारू घरी आणावी, यासारखा विनोद नाही. मग 'नोम' या अक्षरांपुढचा चार आकडी क्रमांक पाहावा; तो कारखान्याचा असतो. सोनेरी रंगाला भुलू नये, तो पुष्कळदा जाळलेल्या साखरेचा असतो. पहिली बाटली पांढरी, म्हणजे 'ब्लांको' घ्यावी, तीत घायपाताची चव उघडी असते. दोन महिने ते एक वर्ष लाकडात राहिलेली 'रेपोसादो', त्याहून जुनी 'आन्येहो'. जुनी म्हणजे महाग, चांगलीच असे नाही. बाटलीत अळी असते ही ऐकीव गोष्ट. ती काही मेस्कालच्या बाटल्यांत असते. आणि मीठ-लिंबू लावून घोटात संपवायचे असेल, तर इतके निवडण्याचा खटाटोप करू नये. आपली रम आहे.

हे सगळे आम्ही त्याला लिहून पाठविले. परत जाताना दम्मामच्या विमानतळावर सामानात बाटलीचे बूचसुद्धा सापडू नये, हेही लिहिले. शेवटी विचारले की, तुमच्या खोलीत येणारी ती पाण्याची बाटली कोण भरतो, आणि तुम्ही आठ जणांपैकी कोणाला ठाऊक आहे का?

निरोप पोचल्याची खूण आली आहे. उत्तर अजून आलेले नाही.