खात्यात दीड हजार, काट्यावर वजा किती?

महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाचे 18 हजार. ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणीच्या खात्यात ही रक्कम पडू लागली. तिचा उपयोगच झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. किराणा, पोराची फी, गोळ्या-औषधं. बाईला त्यासाठी नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच घराचा दुसरा हिशेब आडतीवर असतो. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता. दिवाळीच्या तोंडावर मराठवाड्यातल्या बाजारांत बराच माल चार ते सव्वाचार हजारांत गेला. क्विंटलमागं सहाशेचा फटका धरला, तरी 30 क्विंटलवाल्याचे 18 हजार गेले. बहिणीला जे वर्षभरात मिळणार, ते दाजी एका खेपेत काट्यावर सोडून आले!

मग खरेदी केंद्रावर का नाही घातलं? तर मॉइश्चर. ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, आणि काढणीत पाऊस. ती 15 टक्के झाली नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेचं मतदान तोंडावर आल्यावर. तोवर दिवाळी होऊन गेली होती. हरभऱ्याचं बियाणं, कृषी केंद्राची उधारी, मजुरी यापायी लहान शेतकऱ्याचं घर रिकामं झालं होतं. सवलत कामाला आली ती माल धरून ठेवण्याची ऐपत असलेल्यांच्या.

पुढच्या वर्षीची गंमत तर वेगळीच. 28 मे 2025 ला केंद्रानं हमीभाव 5,328 रुपये जाहीर केला. दोनच दिवसांनी, 30 मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. शहरातल्या तेलाच्या पिशवीची काळजी सरकारनं करावीच, पण तिचा भार पेरणीच्या तोंडावर शिवारावर का?

अर्थात सगळा दोष तेलाचा नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के, बाकी मुख्यतः पेंड. आणि इथेनॉल कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात शिरल्यापासून पेंडीचा उठाव घटलाय. म्हणून नुसतं शुल्क वाढवूनही भागणार नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशानं 2025 च्या हंगामात सोयाबीनसाठी भावांतर लावलं. माल बाजारात विका, फरक सरकार खात्यात टाकणार. फरक काढायची पद्धत वादाची असू शकते. खात्यात पैसे टाकायची यंत्रणा मात्र दीड हजारासाठी आपल्याकडं उभी आहेच.