पाळीपूर्वी उठणारे पुरळ

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत अंग खाजू लागले की नायटा समजून मलम दिले जाते, आणि बहुतेकदा ते योग्यही ठरते. परंतु जे पुरळ ऋतुस्रावापूर्वी तीन ते दहा दिवस उठते, स्राव सुरू होताच ओसरते आणि पुढील महिन्यात त्याच सुमारास पुन्हा हजर होते, ते स्त्रीच्या स्वतःच्याच प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाविरुद्ध शरीराने पुकारलेले बंड असू शकते. १९२१ साली प्रथम वर्णिलेला हा विकार अत्यंत दुर्मिळ खरा. तथापि त्याचा माग काढण्यास आरंभी लागते ती केवळ दोन-तीन महिन्यांच्या तारखांची नोंद, आणि मग त्वचेत प्रोजेस्टेरॉन टोचून घ्यावयाची चाचणी. ॲलर्जीच्या गोळ्यांनी भागले नाही, तर बीजोत्सर्ग थांबविणाऱ्या संततिनियमनाच्या गोळ्या देतात. त्या सर्वांनाच मानवतात असे नाही, आणि अविवाहित मुलीच्या घरी त्यांच्या नावानेच संशय उत्पन्न होतो, म्हणून येथे त्या त्वचेसाठी आहेत हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हाही मी उपचाराचाच भाग मानतो. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापासून वाडीवस्तीवरील उपकेंद्रापर्यंत, वारंवार पुरळ उठणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर पाळीची तारीख लिहिण्याचा शिरस्ता आरोग्य खात्याने घालून द्यावा.