‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न आधी थांबवू या

घरी पाहुणे आले की म्हाताऱ्या माणसासमोर बसून पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ओळखलंत का मला? सांगा पाहू, मी कोण?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण समोरच्या आजींना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेला असेल तर हा प्रश्न त्यांना परीक्षेसारखा वाटतो. उत्तर येत नाही, चारचौघांत ओशाळे व्हायला होते. मग आजी गप्प होतात किंवा चिडतात. पाहुणे निघून जातात आणि ती चिडचिड दिवसभर सुनेच्या वाट्याला येते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी कसे बोलावे, हे शिकता येते आणि शिकवताही येते. आपल्या आरोग्य व्यवस्थेत मात्र ते शिकवण्याची सोय जवळजवळ नाही. गावात ही उणीव अधिक जाणवते.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जामचे उदाहरण घेऊ. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो आणि इथूनच चंद्रपूरकडचा रस्ता फुटतो. दिवसरात्र ट्रक आणि बसगाड्यांची वर्दळ असलेला जाम चौरस्ता अनेकांच्या ओळखीचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरच्यांना मात्र तोच चौरस्ता धास्तीचा वाटेल. या आजारात ‘मला घरी जायचंय’ म्हणून राहत्या घरातून निघून जाणे नेहमीचे आहे. अशा अवस्थेत निघालेला माणूस महामार्गावर वाहनाखाली येऊ शकतो किंवा समोर उभ्या राहिलेल्या बसमध्ये बसून दूरच्या गावी पोहोचू शकतो. म्हणून घरचे दाराला कुलूप लावतात. कुलूप पाहून तो अधिक बिथरतो. कुलूप लावणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरा मार्ग त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

खेड्यात प्रमाण अधिक

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आपण हा विषय सोडून देतो. कोणी ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेतो. पण स्मृतिभ्रंश हा वाढत्या वयाचा स्वाभाविक भाग नाही, तो मेंदूचा आजार आहे. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शिकलेल्यांपेक्षा शाळेत न गेलेल्यांमध्ये ते जास्त आहे. म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ शहरात आणि रुग्णांचे अधिक प्रमाण खेड्यात, अशी विषम स्थिती आहे.

प्रत्येक विसराळूपणा हा स्मृतिभ्रंश नसतो, हेही लक्षात घ्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि त्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येणे, मोतीबिंदू यांमुळेही माणूस गोंधळल्यासारखा दिसतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला हवी. एक-दोन दिवसांत अचानक बडबड, भ्रम किंवा गुंगी सुरू झाली तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचा प्रकार समजून घरी थांबू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे अशी कारणे असू शकतात. अशा वेळी रुग्णालय तातडीने गाठावे.

प्रसंग विसरतो, भावना उरते

अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण. या आजारात मेंदूच्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाला लवकर इजा होते. नव्या आठवणी साठवण्याचे काम हाच भाग करतो. त्यामुळे सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचा पोळा लख्ख आठवतो. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य अशा माणसाला लागू पडत नाही, कारण सांगितलेले साठवलेच गेलेले नसते.

आठवण गेली तरी तिने उठवलेली भावना मात्र लगेच जात नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिले. अल्झायमरच्या १७ रुग्णांना त्यांनी दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण चित्रफितींतील बराचसा तपशील विसरले, पण त्यातून आलेले दुःख किंवा आनंद त्यांच्या मनात त्यानंतरही टिकून राहिला. अभ्यास छोटा असला तरी घरोघरच्या अनुभवाशी तो जुळतो. ‘तिला कुठे काय आठवतंय’ म्हणून ओरडलेले शब्द आजी विसरतात, पण ओरडण्याने बसलेली धास्ती राहते. मायेने घालवलेली दहा मिनिटेही त्या विसरतात, त्यातून आलेला निवांतपणा मात्र राहतो.

काळजीवाहकांचे प्रशिक्षण याच पायावर उभे आहे. ते ऐकायला सोपे वाटते. बोलताना मागून हाक मारू नये. समोर यावे, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसावे. ‘आई, मी सविता, तुमची सून’ असे नाव आणि नाते आपणच सांगावे. एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. ‘जेवायला काय करू?’ असे मोकळे विचारण्यापेक्षा ‘भाकर की पोळी?’ असे विचारावे. बोलताना टीव्ही बंद ठेवावा. रुग्णासमोर त्याच्याविषयी, तो तिथे नसल्यासारखे बोलू नये.

वर्तनाचा अर्थ लावणे अधिक कठीण असते. समजा, संध्याकाळी वडील उठून म्हणतात, ‘वावरात जातो, बैल बांधायचे राहिले.’ बैल विकून पंधरा वर्षे झालेली असतात. ‘बाबा, बैल कुठले आता? बसा गुपचूप’ हे उत्तर खरे आहे, पण त्यामुळे वाद सुरू होतो. कारण त्यांच्या मनातल्या काळात बैल दावणीबाहेर आहेत आणि मुलगा त्यांना अडवतो आहे. ‘बाबा, तुमच्या जोडीतला कोणता बैल जास्त गुणी होता?’ असे विचारले तर वडील बोलायला लागतात. चार पावले त्यांच्याबरोबर अंगणात फिरून परत येता येते. बैल हे निमित्त असते. आपण कामाचा माणूस आहोत, आपल्यावर घर अवलंबून आहे, ही भावना त्यांना हवी असते.

यावर घरचे एक रास्त शंका काढतात : मग काय खोटे बोलायचे? तसे नाही. बैल गोठ्यात आहेत, असे कोणी सांगायला सांगत नाही. शब्दांऐवजी त्यामागच्या भावनेला उत्तर द्यायचे, एवढेच. ऐंशी वर्षांच्या आजी ‘मायकडे जायचं आहे’ म्हणतात, तेव्हा ‘तुमची माय जाऊन तीस वर्षं झाली’ हे सांगणे म्हणजे त्यांना ती बातमी पहिल्यांदा देण्यासारखे आहे. रोज सांगितली तर रोज नवा शोक. ‘मायची आठवण येते का? काय करायची ती तुमच्यासाठी?’ या प्रश्नात खोटे काही नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी साकारलेले स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे जात हरवतात आणि माहुताच्या कुटुंबाजवळ पोहोचतात. अमृता सुभाष यांनी रंगवलेली माहुताची बायको कन्नड बोलणारी. तिला त्यांची विद्वत्ता माहीत नाही, तरी ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. त्यांनी काय आठवावे, अशी तिची अपेक्षाच नसते, म्हणून तिला ते जमते. घरच्या माणसांना हे अवघड जाते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आधीचा माणूस असतो. त्यांना प्रशिक्षण हवे ते यासाठीच.

गोव्यात काय दिसले?

अशा प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, हे आपल्या शेजारी तपासले गेले आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या माध्यमातून डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंश असलेली ८१ कुटुंबे होती. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, साधारण पंधरवड्यातून एकदा तरी, ‘गृहसेवा सल्लागार’ जात असत. हे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. स्थानिक भाषा येणारी, शिकलेली, कामाची आवड असलेली साधी माणसे होती. त्यांना एका आठवड्याचे प्रशिक्षण दिले होते आणि मानसोपचारतज्ज्ञांचा आधार होता. ते घरच्यांना आजार समजावून सांगत, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत.

सहा महिन्यांनंतर या घरांतील काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्तापही कमी झाला. मर्यादाही दिसल्या. रुग्णाचे वर्तन, त्याची कामे करण्याची क्षमता आणि काळजीवाहकांवरील एकूण भार यांत ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. म्हणजे प्रशिक्षणाने आजार बरा होत नाही आणि कष्टही नाहीसे होत नाहीत. सांभाळणारी व्यक्ती मात्र खचून जात नाही. ही व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. जामसारख्या गावात ती कापूस वेचणीला जाणारी सून असेल, तर तिची मजुरी बुडणे म्हणजे घराचे उत्पन्न बुडणे. ती टिकली तर रुग्णही नीट सांभाळला जातो.

साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवण्याची ही पद्धत वर्धा जिल्ह्याला परकी नाही. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाले. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानाने पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री राबवली. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधत आणि कुटुंबाची समजूतही घालत. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. कुष्ठरोगाप्रमाणेच स्मृतिभ्रंशातही आजाराइतकेच लोकांचे गैरसमज त्रास देतात.

कार्ड रुग्णालयापुरते

२०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब या औषधांना मान्यता मिळाली तेव्हा जगभर मथळे झाले. ही औषधे सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमरची गती थोडी कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. ग्रामीण विदर्भातील बहुतांश कुटुंबांसाठी हा आजचा पर्याय नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हे स्वागतार्ह आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र आठ-दहा वर्षे घरीच असतो. घरच्या सांभाळासाठी या कार्डाचा उपयोग नाही.

‘आशां’साठी वृद्धांच्या आणि मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षण पुस्तिका तयार आहेत. गरज आहे ती त्यांतील संवादाचा भाग प्रत्यक्ष सराव करून शिकवण्याची, कारण असे बोलणे नुसते वाचून येत नाही. एकीने रुग्ण व्हायचे आणि दुसरीने सून, अशी नक्कल करून ते अंगवळणी पडते. सेवाग्राम आणि सावंगीतील वैद्यकीय महाविद्यालये हे काम हाती घेऊ शकतात. मात्र आशांवर आणखी एक जबाबदारी टाकून मोबदला न देणे अन्यायाचे होईल. मानधनासाठी त्यांना २०२३ आणि २०२४ मध्ये संप करावा लागला होता, हे विसरता येणार नाही. बचत गटांतील महिलांना असे प्रशिक्षण आणि भेटींमागे मोबदला दिला तर गावातच रोजगारही उभा राहील.

तोपर्यंत घरच्यांना काही गोष्टी आजच करता येतील. रुग्णाच्या कपड्याच्या आत नाव आणि घरचा मोबाइल क्रमांक शिवून ठेवावा. चौकातले दुकानदार, चहावाले, रिक्षावाले आणि बसथांब्यावरील ओळखीच्यांना आजाराची कल्पना द्यावी. लपवल्याने धोका वाढतो. हाताला ओळखीचे काम द्यावे : कापसाच्या वाती वळणे, तुरीच्या शेंगा सोलणे, गहू निवडणे. काम नीट झाले नाही तरी चालेल. बोलणे कमी झालेला माणूसही खंजिरीच्या ठेक्यावर पाठ असलेले भजन म्हणताना दिसतो, म्हणून भजनाला नेणे थांबवू नये. आणि सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून निदान एक दिवस कोणीतरी मोकळे करावे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक मोफत आहेत.

आणि पुढच्या वेळी अशा घरी पाहुणे म्हणून गेलात, तर परीक्षा न घेता आपले नाव आणि गाव आपणच सांगा, शेजारी बसा आणि जुन्या वावराची चौकशी करा.