शोधाचे थांबे



थंडीची चाहूल लागली की घरोघरी सहलींचे बेत ठरू लागतात. गाडीतील सर्वांत सोयीची जागा वडीलधाऱ्यांना दिली जाते आणि तेथेच त्यांचे तीन-चार तास एका बैठकीत जातात. ‘माझ्यासाठी गाडी थांबवू नका,’ असे आजी म्हणते आणि थांबण्याची वेळ येऊ नये म्हणून सकाळपासून पाणीही बेतानेच पिते. हा संकोच प्रकृतीला महाग पडतो.

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्याच्या कामी पोटरीच्या स्नायूंची मोठी मदत होते. पाय हलले नाहीत की रक्त साचू लागते, पावले सुजतात, सांधे आखडतात. चार तास वा त्याहून अधिक वेळ न हलता प्रवास केल्यास नसेत गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. हा धोका मुळात लहान असला, तरी उतारवय, लठ्ठपणा आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांमुळे तो वाढतो. म्हणून दर तास-दीड तासाने गाडीतून उतरावे. प्रश्न उरतो तो संकोचाचा, आणि त्यावर एक खेळ उपयोगी पडतो.

त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या उपग्रह-संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली. त्यानंतर एक-दोन दिवसांतच ऑरेगॉन राज्यात एकाने रानात एक डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि लोक तो शोधण्यास निघाले. आज हा खेळ जगभर खेळला जातो. त्याच्या एका प्रकारात डबा नसतोच. दिलेल्या जागी पोहोचून, निरीक्षण करून प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. ज्येष्ठांसाठी हाच प्रकार उत्तम. आपल्याकडे बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतात, आणि संरक्षित वास्तूत किंवा अभयारण्यात काहीही ठेवणे योग्य नाही.

मंगरूळपीरहून लोणारला जाण्याचा बेत उदाहरणादाखल घेऊ. बिरबलनाथ महाराजांचे दर्शन घेऊन सकाळी लवकर निघावे. पहिला थांबा वाशीम. बालाजी मंदिराच्या परिसरात सावकाश फिरावे. नातवंडांना प्रश्न द्यावा : हे गाव वत्सगुल्म म्हणून ओळखले जात असताना येथे कोणाची राजधानी होती? उत्तर वाकाटक, पण ते आजोबांकडून काढून घ्यायचे. दुसरा थांबा रिसोड : येथे चहा, स्वच्छतागृह आणि दहा मिनिटांची चाल. तिसरा लोणार. मोबाइलवर 19.98 उत्तर, 76.51 पूर्व असे टाकले की नकाशावर सरोवराचे वर्तुळच समोर येते. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेला हा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा काठावरूनच पाहावा. गुडघे दुखत असल्यास खाली उतरण्याचा आग्रह धरू नये. येथला प्रश्न : 2020 च्या जून महिन्यात या पाण्याचा रंग कोणता झाला होता? (गुलाबी.) गावातील दैत्यसूदन मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पांत एखादी आकृती शोधणे हा चौथा थांबा.

प्रश्नांचे लखोटे आजी-आजोबांच्याच हाती द्यावेत. थांबा कोठे, किती वेळ, हे मग तेच ठरवतात, आणि त्यांच्यासाठी गाडी थांबली असे कोणालाच वाटत नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी काही सूचना. प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह, सावली आणि बसण्याची जागा आहे ना, याची आधी चौकशी करावी. गाडीतून उतरताना पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसू द्यावे. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळीची प्रवासातील वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. ती परस्पर बंद करू नये. ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. इन्सुलिन बंद गाडीच्या उन्हात ठेवू नये. मधुमेही व्यक्तीजवळ साखर आणि खाऊ असावा, आणि पादत्राणे बंद, सवयीची असावीत. शेलुबाजारजवळून समृद्धी महामार्गाने जाणार असाल, तर ठरवून दिलेल्या सुविधास्थळांवरच थांबावे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणे जिवावर बेतू शकते. विदर्भातील उन्हाळ्यात मात्र असा बेत आखूच नये.

प्रवासात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज व वेदना जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुढील सहलीच्या आदल्या रात्री सामान बांधून झाले की घरातील ज्येष्ठांशेजारी बसा, नकाशा उघडा आणि पहिला थांबा कोठे घ्यायचा, हे त्यांनाच विचारा.