तपासणी झाली, पुढे कोणाला विचारायचं?

दोनेक महिन्यांपूर्वी नालासोपाऱ्याहून एक बाई आल्या. वय ४२. संबंधानंतर रक्त जातं आणि अंगावरून पांढरं जातं, त्याला वास येतो, अशी तक्रार. पिशवीतले कागद काढताना त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. आठ महिन्यांपूर्वी घराजवळच्या एका शिबिरात त्यांची तपासणी झाली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "व्हीआयए पॉझिटिव्ह, पुढील तपासणी करावी." कुठे, कोणाकडे, किती दिवसांत, यातलं काहीच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, तिथल्या सिस्टरनाही नक्की माहीत नव्हतं. आणि तेव्हा मला काही होतच नव्हतं, म्हणून राहून गेलं."

बायोप्सीत कर्करोग निघाला. आठ महिन्यांपूर्वी तिथे काय होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

मला त्या सिस्टरचा राग आला नाही. तिने पाहिलं, तिला डाग दिसला, तिने तो लिहिला. त्या क्षणी फोन करून विचारावं असं जाणतं माणूस तिच्यामागे नव्हतं. आपल्या पालघर जिल्ह्यात शिबिरं होतात, बॅनर लागतात, फोटो निघतात. कमी पडतं ते हे माणूस.

व्हीआयए ही तपासणी साधी आहे. गर्भाशयमुखाला, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाला, पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं (स्वयंपाकघरातलं व्हिनेगर त्याच जातीचं), मिनिटभर थांबायचं आणि बघायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. अवघड असतं ते हे "बघणं". जंतुसंसर्गातही पांढुरकं दिसतं आणि भरून येणाऱ्या जखमेतही. दाट, ठळक कडेचा डाग वेगळा आणि फिकट, पसरट छटा वेगळी, हे पुस्तकातल्या दोन चित्रांवरून कळत नाही. शंभर गर्भाशयमुखं पाहून, त्यातल्या चुका कोणीतरी दाखवल्यावर कळतं. (वाचकांसाठी एक महत्त्वाचं: व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. त्यातल्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतो. पण पुढची तपासणी टाळायची नसते.)

"हे काम डॉक्टरचंच" असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईची आठवण करून देते. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या स्त्रियांची तपासणी केली ती किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी. बारा वर्षांनंतर त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. मात्र त्या सेविकांच्या कामावर तज्ज्ञांची सतत नजर होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. प्रशिक्षण तेवढं उचललं आणि नजर मागे ठेवली.

ती नजर मोखाड्यापर्यंत न्यायची कशी? परळचे तज्ज्ञ काही दर आठवड्याला घाट चढून येणार नाहीत. त्यासाठी "इको" नावाची पद्धत आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी ती सुरू केली, कारण रुग्णांना त्यांच्यापर्यंत यायला महिनोन्‌महिने लागत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. दहा-पंधरा मिनिटं एखादा विषय, मग ठिकठिकाणचे डॉक्टर, नर्स आपापले रुग्ण नाव न सांगता मांडतात. तज्ज्ञ प्रश्न विचारतात, बाकीचे ऐकतात. पुढे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातल्या डॉक्टरांनी असे केलेले उपचार विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच परिणामकारक ठरले. नोएडाची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था याच पद्धतीने कर्करोग तपासणीचे ऑनलाइन वर्ग घेते.

हे टेलिमेडिसिन नव्हे. टेलिमेडिसिनमध्ये तज्ज्ञ एका रुग्णाला सल्ला देतो आणि कॉल संपतो. इथे जव्हारच्या सिस्टरचा प्रश्न तलासरीची सिस्टरही ऐकते आणि पुढच्या वेळी तिला विचारावं लागत नाही.

वसई-विरारला याची काय गरज, असं मला एका मित्राने विचारलं. इथे तर गल्लोगल्ली स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत! आहेत, मीही त्यातलीच. पण दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहण्याची कॉल्पोस्कोपी रोज करणारे आमच्यात थोडे, आणि आमची फी भरून नुसत्या शंकेसाठी येणारी बाई त्याहून थोडी. परळला जायचं तर विरार लोकलची गर्दी आणि दिवसाची मजुरी बुडते. देशात तिशी ते पन्नाशीच्या आतल्या दोन टक्के बायकांचीही ही तपासणी कधी झालेली नाही, असं २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यात शहरातल्याही बायका आल्या.

नुसता कॉल सुरू करून भागणार नाही, हेही सांगते. हात धरून शिकवण्याचे सुरुवातीचे आठवडे हवेतच, ते पडद्यावर होत नाहीत. सिस्टरला तो तास कामाचा म्हणून मिळायला हवा. दुपारी लसीकरण, रजिस्टर आणि मांडीवर मोबाईल असं चालणार नाही. रुग्णाचा फोटो संमतीशिवाय काढायचा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. आणि सगळ्यात आधी, डाग दिसल्यावर बाईला पाठवायचं कुठे ते ठरलेलं हवं. कर्करोगाआधीचा छोटा डाग थर्मल अ‍ॅब्लेशनने, म्हणजे उष्णता देऊन, काही मिनिटांत घालवता येतो. यंत्र हातात धरण्याएवढं असतं. ते जिल्ह्यात नसेल तर तज्ज्ञ व्हिडिओवर काय सांगणार? "परळला पाठवा" हेच ना? त्यासाठी कॉल कशाला लागतो!

केंद्र सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. ती करून घ्याच. पण टेबलावरून उतरलात की सिस्टरना तीन गोष्टी विचारा: काय दिसलं, शंका असेल तर तुम्ही कोणाला विचारणार, आणि मी कोणत्या तारखेला कुठे जायचं. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. अशी एखादी जुनी चिठ्ठी तुमच्या कपाटात पडून असेल, तर काही त्रास होत नसला तरी ती घेऊन या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.