सव्वीस पैशांची आमदारकी

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातल्या ईटसारख्या बाजाराच्या गावात आमदाराचं मोजमाप कसं होतं, हे कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत कळतं. रस्ता कुठवर केला, सभामंडप कुणाच्या वस्तीला दिला, हायमास्ट कोणत्या चौकात लागला. सभागृहात काय विचारलं, हे त्या यादीत नसतं. कुणी विषय काढलाच, तर उत्तर तयार असतं : प्रश्न विचारून काय दिवे लावणार? निधी आणा म्हणावं.

हे मत अडाणीपणाचं म्हणून झटकून टाकण्यात अर्थ नाही. त्यामागे अनुभव आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. प्रौढ मतदानानं निवडलेली विधानसभा या भागानं पहिल्यांदा पाहिली ती १९५२ साली, तीही हैदराबादेत. त्यानंतर शेतकरी कामगार पक्षाच्या भाई उद्धवराव पाटलांसारखी माणसं याच जिल्ह्यातून विरोधी बाकांवर गेली, कडकडून बोलली. आणि पाणी? कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाचं २३.६६ टीएमसी हक्काचं पाणी कागदावर, त्यातलं पहिल्या टप्प्याचं ७ टीएमसी वर्षानुवर्षं वाटेवर. भांडून पाहिलं, बोलून पाहिलं, आता सत्तेच्या पंगतीला बसून पदरात पडेल ते घेऊ, असं एखाद्या शेतकऱ्याला वाटलं तर त्याला नावं कशी ठेवावीत? पूर्वपक्ष असा भक्कम आहे. तरीही तो चूक आहे, आणि चूक कुठे आहे ते साध्या गणितानं दाखवता येतं.

महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासनिधी मिळतो वर्षाला ५ कोटी. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ असे ३६६ सदस्य धरले, तर होतात १,८३० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ७ लाख २० कोटींचा. म्हणजे सरकार शंभर रुपये खर्च करतं, त्यात सगळ्या आमदारांच्या हातचे मिळून सव्वीस पैसे. ज्या निधीवर आपण आमदाराला जोखतो, तो एवढाच. उरलेले नव्व्याण्णव रुपये चौऱ्याहत्तर पैसे मंत्री आणि खाती खर्च करतात. दवाखान्यात डॉक्टर का नाही, पीकविम्याचा हप्ता भरून भरपाई का नाही, शाळेत शिक्षकांची पदं किती रिकामी, हे सगळं त्या नव्व्याण्णव रुपयांत बसतं. आमदार त्यातला एक रुपयाही स्वतः वाटू शकत नाही. तो फक्त विचारू शकतो.

यावर जाणकार कार्यकर्ता हसेल. म्हणेल, साहेब, तुम्हाला ‘पंचवीस-पंधरा’ माहीत नाही काय? ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं मंजूर होतात, पुरवणी मागण्यांत रस्ते घुसवता येतात, पालकमंत्र्यांना गाठून जिल्हा नियोजनातून काढता येतं. खरं आहे. मग माझा आकडा दहापट करू. तरी शंभरातले पावणेतीन रुपये झाले नाहीत. शिवाय ही पंचवीस-पंधराची गंगा कुणाच्या गावाला वळते आणि कुणाच्या नाही, त्याचा निकष काय, हाही प्रश्नच आहे, आणि तोही सभागृहातच विचारावा लागतो. सत्तेच्या बाजूला बसलेल्याच्या गावाला निधी मिळतो तोवर हा प्रश्न कुणाला आठवत नाही, एवढंच.

पुरवणी मागण्यांचंही पाहून घेऊ. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. पंधरवडा उलटायच्या आत, जुलैमध्ये, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात लाडकी बहीण योजनेचे २५ हजार कोटी होते. योजना चांगली की वाईट हा इथला वाद नव्हे. ईटच्या बायांनाही त्याचे पैसे मिळाले आणि ते त्यांच्या कामी आले. पण वर्षभराचा हिशेब मांडून पंधरा दिवस होत नाहीत तोवर लाखभर कोटींची पुरवणी जोडावी लागते, याचा जाब घ्यायचा कुणी? मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर करून टाकायची सोय सभागृहात आहेच. आमदार त्या वेळी मंत्र्याच्या दालनात आपल्या रस्त्याचं पत्र घेऊन उभा असेल, तर सव्वीस पैशांसाठी त्यानं शंभर रुपयांवरची नजर काढून घेतली, असंच म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप बहुमताचा. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. अशा सभागृहात प्रश्न विचारून सरकार थोडंच हलणार?

सरकार पाडण्यासाठी अविश्वास ठराव असतो, प्रश्न त्यासाठी नसतोच. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली इम्पीरियल कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा बहुमत सोडा, त्यांना अर्थसंकल्पावर मत द्यायचाही अधिकार नव्हता. सरकारनं शिलकीचा अर्थसंकल्प मांडला होता. गोखल्यांनी दाखवून दिलं की रयत दुष्काळानं मोडलेली असताना तिजोरीत शिल्लक दिसते, ती जास्तीच्या करांमुळे. सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले. पुढल्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर उतरला आणि आयकराची मर्यादा वाढली. एका भाषणानं हे झालं असा दावा इतिहासाला धरून होणार नाही. पण मताचा अधिकार नसलेला माणूस आकड्यांच्या जोरावर व्हाइसरॉयच्या अर्थखात्याला उत्तर द्यायला लावतो, आणि पाच वर्षांसाठी निवडून आलेला आमदार ‘आमचं कोण ऐकतं’ म्हणून कँटीनमध्ये बसतो, यातलं अंतर बहुमताचं नाही.

‘सत्ताधारी पक्षातल्या माणसानं आपल्याच मंत्र्याला कसं विचारावं?’ हा तर आणखी पोकळ बचाव. १९५७ साली लोकसभेत काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले, त्यावर खोदून विचारणारे फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते, वर पंतप्रधानांचे जावई. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची उत्तरं जुळेनात. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा आयोग नेमावा लागला, चौकशी मुंबईत उघडपणे, लोकांसमक्ष झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. जावयाला जे जमलं ते आपल्या सत्ताधारी आमदारांना जमू नये, एवढं त्यांचं मंत्र्याशी जवळचं नातं तरी कोणतं?

परंडा मतदारसंघाची, ज्यात भूम तालुका आणि ईट येतं, एक वेगळीच गोची होऊन गेली. २०२२ ते २०२४ या काळात इथले आमदार तानाजी सावंत स्वतः आरोग्यमंत्री होते. लोकांना अभिमान वाटला, वाटणारच. पण मंत्री उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. ज्या मतदारसंघाला मंत्रिपद मिळतं, त्याचा प्रश्न विचारणारा तेवढ्या काळापुरता जातो, हे कुणी बोलत नाही. हा व्यक्तीचा दोष नाही, व्यवस्थेचा नियम आहे. मात्र अशा वेळी शेजारच्या आमदारांकडे, परिषदेतल्या पदवीधर आणि शिक्षक सदस्यांकडे आपले प्रश्न पोचवायचे असतात, हे गावाला ठाऊक हवं.

आता माहितीच्या अधिकाराचा मुद्दा. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांत अर्ज करता येतो, मग आमदाराची मिनतवारी कशाला? कायदा मोलाचा आहे, वाद नाही. पण तो कागद देतो, जो कागद कार्यालयात आहे तेवढाच. ‘असं का केलंत?’ याचं उत्तर त्या अर्जावर येत नाही. तारांकित प्रश्नात मंत्र्याला उभं राहावं लागतं, आणि खरी गंमत छापील उत्तरात नसते, नंतरच्या उपप्रश्नात असते. तो कोणता येईल हे खात्याच्या सचिवालाही नक्की सांगता येत नाही. मंत्र्यानं ‘तीन महिन्यांत चौकशी करू’ म्हटलं, की ते वाक्य आश्वासन समितीच्या दप्तरी जातं. माहिती अधिकाऱ्याच्या पत्राला अशी मागे लागणारी समिती नसते.

विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना तिथला साचा पाठ असेल. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. त्यावर खात्याची ठेवणीतली उत्तरं : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. टीकाकार इथेच बोट ठेवतात, की ही तर कारकुनी कवायत आहे. कवायत आहेच, जोवर प्रश्नकर्ता ती कवायत होऊ देतो तोवर. ‘अंशतः खरे’ म्हटलं की त्यातला खरा अंश कोणता, हे विचारायला सदस्याला उभं राहता येतं. उत्तर अपुरं असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात. ज्याला तालुका माहीत आहे आणि ज्यानं आकडा आधी तपासला आहे, त्याच्यापुढे खात्याचा साचा टिकत नाही. साचा टिकतो तो अभ्यास न करता नुसतं ओरडणाऱ्यापुढे.

पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा डाग मात्र झाकता येणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये त्यासाठी संसदेतून ११ खासदार काढले गेले, त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रातले होते. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहात १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. ती कुणाची आणि कशासाठी, हे तपासयंत्रणेनं सांगायचं. प्रश्नाला बाजारभाव आहे, ही कुजबुज मंत्रालयाच्या जिन्यांवर जुनीच. पण यातून निघतं ते असं, की ज्याला किंमत नाही ते कुणी विकत घेत नाही. प्रश्न मागे घेण्यासाठी कुणी पैसे मोजत असेल, तर तो प्रश्न कुणाला तरी झोंबत असला पाहिजे.

झोंबतो म्हणूनच अधिवेशनं आखूड होतात. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनं कोरोनाचं कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच गाळला, तेव्हा महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी बरंच तोंडसुख घेतलं. त्याच डिसेंबरात त्यांनी हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत दोन दिवसांत गुंडाळलं, पुढच्या जुलैचं पावसाळी अधिवेशनही दोनच दिवसांचं. त्या दोन दिवसांत भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. अधिवेशनापलीकडे सदस्याला बाहेर ठेवलं की त्याचा मतदारसंघच सभागृहाबाहेर राहतो, हा त्यामागचा मुख्य विचार. दिल्लीतला एक पक्ष आणि मुंबईतला दुसरा, दोघांनाही प्रश्न नको होते. या बाबतीत आपल्याकडे पक्षभेद फारसा उरत नाही.

आणि प्रश्नातून काय मिळतं, याचा एकच दाखला देतो. जुलै २०२५ च्या अधिवेशनात सरकारच्या लेखी उत्तरातून कळलं की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली ३७३ प्रकरणं मदतीला पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीत अडकलेली. धाराशिव हा आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यांपैकी एक. हे आकडे खात्यानं जाहिरातीत छापले नव्हते. ते विचारले म्हणून मिळाले. ‘अपात्र’ ठरलेल्या २०० घरांपैकी एखादं घर भूम तालुक्यातलं असेल, तर त्या घराला हा प्रश्न हायमास्टच्या दिव्यापेक्षा जवळचा वाटेल.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परंड्याच्या पट्ट्यात नद्यांनी पात्र सोडलं, जमिनी खरडल्या, गोठ्यातली जनावरं वाहून गेली. खव्याच्या भट्ट्यांवर जगणाऱ्या या तालुक्यात दुभतं जनावर जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत. ऐकायला भरघोस. पण रोजगार हमीच्या कामात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के असावा, असा दंडक होता, आणि खडक उघडा पडलेल्या रानात माती भरायची तर जेसीबी आणि टिपर लागतात. मग ते तीन लाख शेतकऱ्याच्या रानात उतरायचे कसे?

ईटच्या ग्रामसभेनं हा प्रश्न लिहून द्यावा, अगदी विधिमंडळाच्या साच्यात : भूम तालुक्यात किती हेक्टर जमीन खरडली, त्यापैकी किती हेक्टरवर रोजगार हमीतून माती टाकण्याचं काम प्रत्यक्ष सुरू झालं, प्रति हेक्टर किती खर्च झाला, नसल्यास विलंबाची कारणं काय. खाली दगावलेल्या जनावरांचा गाववार तपशील मागावा. ठराव करून आमदारांच्या कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी, आणि त्याची एकेक प्रत परिषदेतल्या सदस्यांना धाडावी. उत्तर ‘अंशतः खरे’ असं आलं, तर उपप्रश्नाला लागणारे गट क्रमांक आणि फोटो तलाठ्याच्या पंचनाम्यासह तयार ठेवावेत, कारण मुंबईत किंवा नागपुरात उभ्या राहिलेल्या सदस्याला ते त्या क्षणी हातात लागतात.