शंभरातले पाच रुपये

खेड्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला की त्याचे श्रेय घेणाऱ्यांची रांग लागते. फलक लागतो, नारळ फुटतो, भाषणे होतात. त्या टॉवरचे पैसे कोठून आले हे मात्र कोणी सांगत नाही. वाचकहो, त्यातले काही पैसे तुमचे आमचे आहेत. म्हणून यावेळी या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

दूरध्वनी कंपन्यांच्या महसुलातून, काही वजावट करून जो आकडा उरतो, त्याचे ५ टक्के केंद्र सरकार एका खास निधीसाठी घेते. जेथे धंदा परवडत नाही अशा दुर्गम भागात फोनची सेवा पोचवणे एवढ्यासाठी हा निधी १ एप्रिल २००२ पासून आहे. पूर्वी त्याचे नाव ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ असे होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते ‘डिजिटल भारत निधी’ झाले. कंपन्या हा भार आपल्या खिशातून सोसत नाहीत, तो रिचार्जमध्येच धरलेला असतो. दोनशे रुपयांच्या रिचार्जमधला जीएसटी वगळला तर ढोबळ हिशेबाने आठेक रुपये या निधीत जातात. आजोबांच्या साध्या बटणांच्या फोनमधूनही ते जातात.

मेख पुढे आहे. ही रक्कम थेट निधीच्या पेटीत पडत नाही. आधी ती भारताच्या संचित निधीत जाते आणि तेथून संसद दरवर्षी मंजूर करील तेवढीच खर्चाला मिळते. याचा परिणाम असा झाला की वसुली वेळेवर होत राहिली आणि खर्च वर्षानुवर्षे मागे पडत गेला. सत्तेवर कोणता पक्ष होता याने त्यात मोठा फरक पडलेला नाही.

सुरुवातीला तर या निधीतून मोबाइलला दमडीही देता येत नव्हती, कारण कायद्यात फक्त मूलभूत दूरध्वनी सेवेची कल्पना होती. २००६ साली दुरुस्ती झाली, २००७ साली सुमारे ७,३५३ सामायिक टॉवरांची योजना आली. वास्तविक १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन देण्याचे वचन होते. खासगी कंपन्यांना परवाने देताना गावोगावी सार्वजनिक फोन बसवण्याची अट घातली होती आणि त्यांनी ते फारच थोडे बसवले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मिनिटाला १६ रुपये पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. आलेला फोन फुकट झाला तो २००३ च्या मे महिन्यात, आणि खेड्यातला माणूस मोबाइलकडे वळला तो त्यानंतर. २००४ च्या आसपास ग्रामीण भागात शंभर माणसांमागे दोनही फोन नव्हते. २०२४ साली हा आकडा ५९ च्या घरात होता. शहरात तो १३० च्या वर होता, म्हणजे माणसांपेक्षा जोडण्या जास्त.

खेड्यातल्या माणसाला फोन कशाला हवा, असे म्हणणारे पूर्वी होते, आता कमी झाले. केरळातले उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९९७ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर, कोळिकोड या किनारी जिल्ह्यांत मोबाइल आला आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पूर्वी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि काही मैलांवर गिऱ्हाइकाला ती मिळत नसे. ते थांबले. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळीही सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त झाली.

पण आज प्रश्न नफ्यापुरता राहिलेला नाही. गेल्या दहा वर्षांत सरकारने आपली एकेक खिडकी फोनमध्ये हलवली. रेशनसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राला नेटवर्क लागते. ते मिळावे म्हणून दुकानदार यंत्र घेऊन टेकाडावर गेल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून आल्या. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोन वेळा फोटो काढून हजेरी भरणे सक्तीचे झाले. फोटो चढले नाहीत म्हणून मजुरी अडली, अशा तक्रारी घेऊन मजूर दिल्लीपर्यंत गेले. २०२० मध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा डोंगरावर ताडपत्री बांधून बसलेली मुले आपण सर्वांनी पाहिली. सेवा फोनवर आणायची आणि फोनला रेंज द्यायची नाही, हा उफराटा न्याय आहे. ज्याला रेंज नाही त्याला आता कार्यालयातही कोणी उभे करत नाही.

कागदावरचे चित्र उत्तम आहे. देशातल्या सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख २२ हजारांवर गावांत मोबाइल सेवा पोचल्याचे सरकारने २०२४ मध्ये सांगितले. उरलेल्यांसाठी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ७,२८७ गावांची, २०२२ मध्ये आणखी २४,६८० गावांची आणि २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. काम होत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ‘गाव’ म्हणजे काय? आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जाऊन पाहा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला एका महसुली गावाच्या वाड्या दोन-दोन मैलांवर, मध्ये ओढा, मध्ये डोंगराची धार. लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडत नाहीत. गावठाणात दोन रेघा दिसल्या की गाव यादीतून गळते, धारेपलीकडची वाडी मात्र तशीच अंधारात. त्यात मलप्रभेच्या उगमाकडचा तो पाऊस. वीज गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल पोचवायला रस्ता नाही. भीमगड अभयारण्यातल्या वस्त्यांना तर वन खात्याच्या परवानगीचा आणखी एक दरवाजा आहे. पावसाळ्यात तेथून आजारी माणसाला खांद्यावर वाहून आणावे लागते. रुग्णवाहिका बोलावण्याआधी रेंजपर्यंत चालत जावे लागत असेल तर १०८ हा क्रमांक भिंतीवर रंगवून काय उपयोग?

सीमेवरच्या लोकांनी आणखी एक गंमत भोगली आहे. चंदगडच्या बाजूचा टॉवर जवळ, म्हणून घरात बसल्या बसल्या फोन महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये जायचा आणि ओट्यावर बसून रोमिंगचे पैसे कापले जायचे. १५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे फोन फुकट केले, पुढे बाकीच्यांनीही ते सोडले. टॉवरची लहर राज्याची हद्द पाहत नाही हे कंपन्यांच्या दरपत्रकाला कळायला वीस वर्षे लागली.

टॉवर आला तरी फोन कोणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खेड्यातल्या शंभर स्त्रियांपैकी ४७ जणींकडेच स्वतः वापरता येईल असा फोन होता. बाकीच्यांचा ‘घरचा फोन’ म्हणजे बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशातला. अनुदान खात्यावर जमा झाल्याचा निरोप त्या खिशात येतो, तोही बहुतेकदा इंग्रजीत. शिवाय २०२४ च्या जुलैमध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्यांना फक्त बोलायचे आहे त्यांच्या गळ्यात इंटरनेट मारू नये, यासाठी ट्रायला त्या डिसेंबरात नियम करून बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच स्वतंत्र पॅक द्यायला लावावे लागले. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागावे लागते. गावाकडच्या मंडळींना एवढे तरी आपण जरूर सांगावे.

आता थोडे आपल्याविषयी. शहरात आपल्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून आपण सह्या गोळा करतो, आणि गणपतीला गावी गेल्यावर रेंज नाही म्हणून कुरकुरतो. किरणांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु २०१२ साली आपल्या देशातली मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एकदशांश करण्यात आली होती, हेही लक्षात घ्यावे. मलनाडमधल्या गावांनी ‘नेटवर्क नाही तर मत नाही’ असे फलक लावले तेव्हा कुठे अधिकारी फिरकले. मतावर बहिष्कार घालण्याचा मार्ग आम्हाला पसंत नाही, कारण मत हीच आपली एक वस्तू शिल्लक आहे. पण त्यांनी आपली मागणी एकत्र मांडली, हे घेण्यासारखे आहे.

मंडळाने ठरवले आहे की खानापूर तालुक्यातल्या वाड्यांची आपण स्वतः एक यादी करावी. ज्यांचे घर, शेत, भाऊबंद तिकडे आहेत त्यांनी वाडीचे नाव, ती कोणत्या महसुली गावात मोडते, कोणत्या कंपनीची रेंज कोठे मिळते, वीज गेल्यावर ती किती वेळ टिकते, आणि सर्वांत जवळचे रेंजचे ठिकाण किती अंतरावर आहे, एवढे कागदावर लिहून द्यावे. ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर उत्तम. ही यादी खासदारांना आणि दूरसंचार विभागाला देऊन, सरकारी यादीत ‘सेवा पोचली’ म्हणून दाखवलेल्या गावांशी ती ताडून पाहण्याची मागणी आपण करणार आहोत. पावसाळ्यानंतर वाडीवर जाणाऱ्यांनी फोन बरोबर न्यावा, आणि रेंज कोठे तुटते तो दगड, ती पायवाट, ते झाड नोंदवून आणावे.